सी ६ दुखापत: झोपून श्वास ठीक, व्हीलचेअरवर बसलं की धाप

दादरकर: भाऊ, वय ३१, मानेच्या मणक्याची दुखापत (सी ६, म्हणजे मानेतली सहावी पातळी), चार महिने झाले. आडवा असताना श्वास नीट चालतो. बसवलं की दहा मिनिटांत धाप, वाक्य पुरं होत नाही. ऑक्सिजन ९६. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं (प्लास्टिकच्या चेंडूंचं) यंत्र रोज करतो, तिन्ही गोळ्या वर जातात. तरी कफ सुटत नाही. काय बदलावं?

परळ_फिजिओ: आधी पोट बघा, छाती नंतर. डायफ्रॅमच्या (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नसा सी ३ ते ५ मधून निघतात, म्हणून तो चालतोय. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू मात्र गेलेत. झोपल्यावर पोट डायफ्रॅमला वर ढकलून घुमटासारखा ठेवतं. बसल्यावर पोट पुढे लोंबतं, घुमट सपाट होतो, मग त्याला खाली जायला जागाच नाही. पोटाचा पट्टा लावा. आडवं असतानाच बांधायचा, वरची कड शेवटच्या बरगडीखाली. बरगड्यांवर चढला तर उलट श्वास कोंडतो. आत सुती बनियन, एकही चुणी नको. मुंबईच्या घामात कातडी सोलवटते आणि त्याला कळतही नाही. सोडल्यावर रोज तपासा.

डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर ताठ बसवा, पट्टा सोडा, कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडलीय का बघा. रक्तदाब उसळलेला असतो. नाहीच उतरला तर सरळ इमर्जन्सी.

माटुंगा_वेस्ट: गोळ्यांवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिली याचे, म्हणजे वेगाचे. एक झटका मारला की तिन्ही उडतात. ताकद वाढवायला स्प्रिंगच्या झडपेचा ट्रेनर घ्या. ठरलेला दाब लागल्याशिवाय तो हवाच सोडत नाही. नुसत्या भोकांचा स्वस्तातला घेऊ नका, हळू ओढलं की भारच जातो.

आधी श्वास ओढण्याचा कमाल दाब मोजून घ्या (हाजीअलीच्या अखिल भारतीय संस्थेत विचारून बघा). त्याच्या ३० टक्क्यांवर सुरुवात, ३० श्वास, दिवसातून दोनदा, आठवड्यात ५ दिवस. सहज जमू लागलं की दाब २ सेंमीने (पाण्याच्या सेंमीत मोजतात) वाढवा. नाकाला क्लिप. ओठांच्या कोपऱ्यातून हवा गळते, तिथे तुमचं बोट धरा. भराभर ओढलं तर चक्कर येते, ओठ मुंग्यावतात. दोन श्वासांच्या मधे दम घेऊ द्या.

दादरकर: आणि कफ? दोन माणसं लागतील का?

परळ_फिजिओ: एकाला जमतं. खुर्ची भिंतीला टेकवा, ब्रेक लावा. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. त्याने एकावर एक तीन श्वास भरायचे, मधे सोडायचा नाही. तुमचा तळहात बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मधोमध, हाडाच्या टोकावर नाही. तो खोकतो त्याच क्षणी आत आणि वर दाबा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: हात अर्धा सेकंद उशिरा पडतो. तोवर हवा निघून गेलेली असते. म्हणून मोजणी त्याने करायची, तुम्ही नाही. बरगडी मोडलेली असेल, पोटाचं ऑपरेशन ताजं असेल किंवा पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर बसवलेला असेल तर हे करू नका. आणि पहिल्यांदा फिजिओसमोरच करून बघा.