निन्टेंडो वीचे ग्राफिक्स खरंच इतके कमकुवत होते का?

सांजवारा
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीच्या मावसभावाने घर बदलताना त्याचा जुना निन्टेंडो वी हा गेम कन्सोल मला देऊन टाकला, सोबत 'सुपर मारिओ गॅलेक्सी' या खेळाची डिस्क. अडॅप्टर ११० व्होल्टचा असल्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय. पन्नास इंची टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडला. खेळ अप्रतिम, पण चित्र काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतं. मित्र म्हणतात, वी म्हणजे निन्टेंडोचा त्याआधीचा कन्सोल गेमक्यूबच, जरा वेग वाढवून नव्या डब्यात घातलेला. २००६ सालीच तो मागे पडलेला होता. मला पटत नाही. खेळातल्या मधमाश्यांच्या राणीच्या अंगावरची लव बघा, छोट्या ग्रहांच्या कडांवरचा उजेड बघा. मागासलेल्या मशीनवर हे जमलं कसं? जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड
मित्रांचं चूक नाही. गेमक्यूबचा जीपीयू (चित्र काढणारी चिप) १६२ मेगाहर्ट्झ, वीचा २४३. सीपीयू (मुख्य चिप) ४८५ वरून ७२९. दोन्हीकडे दीडपट, आणि आतली रचना जवळपास तीच. मेमरी ८८ एमबी. त्याच काळात एक्सबॉक्स ३६० कडे ५१२ एमबी आणि ३.२ गिगाहर्ट्झचे तीन कोअर होते. वीवर शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग कसा काढायचा हे सांगणारा छोटा प्रोग्राम, लिहायची सोयच नाही. 'डेड रायझिंग' हा खेळ दोन्हीकडे खेळून बघा. ३६० वर मॉलमध्ये झोंबींची खच्चून गर्दी, वीवर विरळ.

रेषाकाम
आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. मी पुण्यात ॲनिमेशनसाठी लायटिंग करते आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शेडर लिहिता येत नाही, खरं आहे. त्या जागी वीच्या जीपीयूमध्ये टेव्ह नावाचा, रंग मिसळणारा भाग आहे. त्याचे सोळा टप्पे. प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी द्यायच्या: टेक्स्चरचा (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राचा) रंग, उजेडाचा रंग, एखादा ठरलेला रंग, आधीच्या टप्प्याचं उत्तर, यातलं काहीही. पहिल्या दोन गोष्टी तिसरीच्या प्रमाणात मिसळायच्या आणि आलेलं उत्तर चौथीत मिळवायचं किंवा तिच्यातून वजा करायचं. एका टप्प्याचं काम एवढंच. पण असे सोळा एकापुढे एक लावता येतात, एका फेरीत आठ टेक्स्चर वापरता येतात, आणि एका टेक्स्चरमधल्या आकड्यांनी दुसरं टेक्स्चर वाकवताही येतं. पाण्यातली थरथर, तापलेल्या हवेतली हालचाल त्या वाकवण्यातून काढतात. खेळांनी ह्या टप्प्यांच्या इतक्या निरनिराळ्या जुळण्या वापरल्या आहेत की आयत्या वेळी प्रत्येकीसाठी वेगळा शेडर बनवताना पीसीवर वीचे खेळ चालवणारा डॉल्फिन एम्युलेटर अडखळायचा. शेवटी २०१७ मध्ये त्या मंडळींनी अख्ख्या टेव्हचं अनुकरण करणारा एकच अवाढव्य शेडर लिहिला. ज्या चिपला आपण दुबळी म्हणतो तिची ही व्याप्ती आहे.

आता राणीमाशी. तिचे केस एकेक काढलेले नाहीत. तिच्या अंगाचाच आकार किंचित फुगवून पुन्हा काढायचा, त्यावर अजून किंचित फुगवून पुन्हा, असे थरावर थर. प्रत्येक थरावर ठिपक्याठिपक्यांचं अर्धपारदर्शक टेक्स्चर असतं. समोरून बघताना डोळा ते ठिपके जोडून घेतो आणि लव दिसते. मारिओला तिच्या अंगावर चढवा, कॅमेरा कडेला न्या आणि थांबून बघा, थर सुटे झालेले दिसतील. हे सगळं सेकंदाला साठ फ्रेम्सनी चालू असतं! डबा तेव्हा वीसेक वॉटसुद्धा खात नाही; सुरुवातीचे ३६० दीडशेच्या वर जायचे.

अडचण आहे ती मेमरीची, आणि तिथे मी वीची बाजू घेणार नाही. वीचं चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे ७२०पीच्या (१२८० बाय ७२०) बरोबर एक तृतीयांश पिक्सेल. पण मेमरी ३६०च्या एक तृतीयांश नाही, जवळजवळ एक षष्ठांश. हा हिशेब 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' या वीवरच्या खेळात डोळ्यांना दिसतो. त्यातलं गौर मैदान क्षितिजापर्यंत पसरलंय, दूरवर महाकाय प्राणी चालतायत, आणि संवादाच्या वेळी कॅमेरा जवळ आला की चेहऱ्याचं टेक्स्चर पुसट. दुसरं म्हणजे फ्रेमबफरमध्ये (तयार होणारं चित्र साठतं त्या मेमरीत) अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा आकडा, ठेवायचा तर प्रत्येक रंगाला आठऐवजी सहाच बिट उरतात. म्हणून आकाशाच्या छटांमध्ये पट्टे पडतात.

सांजवारा, तुम्ही बघताय ते वीचं खरं चित्रसुद्धा नाही. पिवळी वायर रंग आणि प्रकाश एकाच तारेत कोंबते, तेही ४८०आय, म्हणजे एकाआड एक ओळी पाठवून. कंपोनंट केबल घ्या, पाच पिनांची, हिरवी-निळी-लाल आणि आवाजाच्या दोन. सेटिंगमध्ये स्क्रीनखाली ४८०पी (दर वेळी सगळ्या ओळी) निवडा. थोडा मऊपणा तरीही राहील, कारण जुन्या टीव्हीवर रेषा लुकलुकू नयेत म्हणून वी शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतो आणि बऱ्याच खेळांनी ते ४८०पीमध्येही चालूच ठेवलं.

आकडेमोड
टेव्हचं मान्य. पण माझा मुद्दा वेगळा आहे. निन्टेंडोच्या स्वतःच्या संघाला चिपचा कोपरा न् कोपरा माहीत होता. बाकीच्यांनी ३६०, पीएस३ आणि पीसीसाठी शेडर एकाच पद्धतीने लिहिले. वीसाठी सगळं मुळापासून करावं लागायचं. सर्वसाधारण संघाला सर्वसाधारण मुदतीत जे काढता येतं, तीच मशीनची ताकद धरायला हवी.

रेषाकाम
मुद्दा वजनदार आहे, पण हा पैशाचा आणि मुदतीचा हिशेब झाला. तो चिपच्या खात्यावर का लिहायचा? इलिनॉयच्या हाय व्होल्टेज सॉफ्टवेअरने 'द कॉन्ड्युइट' (२००९) साठी वी समोर ठेवूनच इंजिन बांधलं, आणि टेव्हकडून बंप मॅपिंग (सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास), प्रतिबिंब असं बरंच काही करून घेतलं. खेळ म्हणून तो मला साधारण वाटतो. हातातल्या बंदुकीचा पृष्ठभाग मात्र नीट बघा. बाहेरच्या संघाने मनावर घेतलं तर काय निघतं ते तिथे आहे. 'डेड रायझिंग'च्या गर्दीबद्दल तुमच्याशी सहमत. तीन कोअर गृहीत धरून बांधलेली गर्दी एका कोअरवर मावणार नाही, तिथे टेव्ह काहीच करू शकत नाही.

सांजवारा
रेषाकाम ताई, मनापासून आभार. लॅमिंग्टन रोडला कंपोनंट केबल मिळाली. ४८०पी केल्यावर मारिओच्या मिशीची कड पहिल्यांदा स्पष्ट दिसली. राणीमाशीवर चढून कॅमेरा कडेला नेला, थर खरंच सुटे दिसतात आणि तरी मला ती लव आधीपेक्षा जास्त आवडली. मित्रांनाही दाखवली. एक जण अजून 'गेमक्यूबच' म्हणतोय, पण सोबत बसून चार तारे मिळवून गेला. आता तो जड ट्रान्सफॉर्मर काढता येईल का?

कोपरखैरणेकर
येईल. वीला १२ व्होल्ट डीसी, ३.७ अँपिअर लागतात. युरोपातल्या वीचा अडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो आणि त्याची पिन तीच असते. डिस्क घेताना मात्र अमेरिकेतल्याच घ्या, युरोपातल्या तुमच्या वीवर चालणार नाहीत. आणि स्वस्तातला एचडीएमआय डोंगल घेणार असाल तर आधी तुमच्या टीव्हीवर लावून बघा. काही डोंगल रंग फिके करतात.