कयाक उतरवायची कुठं: पंचगंगा, कळंबा की राधानगरी?

उत्तरेश्वरचा

कोल्हापुरात कयाकची, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीची, हौस वाढत चाललीय. पोरं तारकर्लीला जाऊन वल्हं मारून येतात, काहींनी हवा भरायच्या कयाक विकत घेतल्यात, आणि मग प्रश्न पडतो की पाण्यात उतरायचं कुठं. पहिलं नाव निघतं रंकाळ्याचं. रंकाळा आपला जीव की प्राण, पण कयाकसाठी तो पुरत नाही. कडेनं केंदाळ, चौपाटीला गर्दी, आणि एकाच पाण्यात घिरट्या घालायच्या.

मी म्हणतो, आपली जागा नदी आहे. शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला, आंबेवाडीपासून प्रयाग चिखलीच्या संगमाकडं. पाऊस ओसरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं आणि दिवाळीनंतर नदी संथ होते. दोन्ही काठांना ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या. दहा मिनिटांत शहर मागं पडतं. नवशिक्यालाही झेपेल असं पाणी आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. पंचगंगेवर आपण जातो ते घाटावर, विसर्जनाला किंवा पूर बघायला. बाकी वर्षभर नदीवर कुणाचं लक्ष नसतं. रोज सकाळी पंधरा-वीस माणसं पाण्यावर असली तर रात्रीत कुणी टँकर रिकामा केलेला लपणार नाही, बोभाटा होईल. विरोध असेल तर मोकळेपणानं लिहा.

राजारामपुरीची डॉक्टर

माझा विरोध आहे, आणि पाणी न बघता तो मागं घेणार नाही. पंचगंगेच्या प्रदूषणावर हायकोर्टात जनहित याचिका झाल्या. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण पुन्हा पुन्हा पाहतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. ही तीच नदी आहे.

कयाकवाला म्हणतो, मी पोहत नाही, वर बसतो. पण बसून चालवायच्या उघड्या कयाकमध्ये मांड्यांपर्यंत पाणी येतं, वल्ह्यावरून ओघळ थेट मनगटावर उतरतो. नवशिक्या पालथा होणारच, तो शिकण्याचाच भाग आहे, आणि पालथा झाला की घोटभर पाणी पोटात जातं. पायाला ऊस कापताना झालेली जखम असेल तर लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका वेगळा. पोरांना आनंद मिळावा असं मलाही वाटतं. त्यासाठी त्यांना सांडपाण्यात उतरवू नका.

उत्तरेश्वरचा

मॅडम, तुमचं म्हणणं घाटाच्या खालच्या पाण्याला तंतोतंत लागू आहे. म्हणूनच मी पुलाच्या वर म्हटलं. जयंती आणि दुधाळी हे शहराचे दोन मोठे नाले. ते मिळतात त्याच्या वर राहायचं, खाली अजिबात जायचं नाही. इचलकरंजी आणि तेरवाड तर कितीतरी खाली. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झालं तरी पावसाळ्यात नाला ओसंडून नदीत जातो, हे मला मान्य आहे. पण मी पावसाळ्याची गोष्ट करतच नाहीये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस्स.

राजारामपुरीची डॉक्टर

वरच्या गावांना गटारं नाहीत का? नाल्याच्या वरचं पाणी तुलनेनं बरं असेल, पण तुलनेनं बरं म्हणजे स्वच्छ नव्हे. दर आठवड्याला पाण्याचा नमुना तपासून आकडा काठावर फळ्यावर लिहिणार असाल तर मी पुढचं बोलेन. तोपर्यंत माझं उत्तर नाही.

पाणकावळा

तुम्ही दोघं घाण पाण्यावर अडलाय, मला बंधाऱ्याची भीती वाटते. आपला बंधारा देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखला जातो, पण वल्हं हातात असलेल्या माणसाला तो वरच्या बाजूनं दिसतच नाही. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर. समोर सपाट रेघ दिसते आणि पाणी पुढं गेल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते बरग्यांवरून खाली कोसळत असतं. खालच्या बाजूला ते पाणी उलटं फिरून परत भिंतीकडं ओढतं. त्यात सापडलेला माणूस जॅकेट घालूनसुद्धा घुसळत राहतो, पट्टीचा पोहणारा असला तरी सुटत नाही. वरून बघणाऱ्याला तिथं फक्त पांढरा फेस दिसतो.

दुसरा धोका शेतीपंपांचा. काठाकाठानं पाण्यात सोडलेले पाईप, त्यांना बांधलेले दोर, विजेच्या केबली. धुक्यात केबल दिसत नाही.

मी विरोधात नाही. पण ‘संथ पाणी, कुणालाही झेपेल’ असं लिहू नका. उतरायची जागा बंधाऱ्यापासून लांब हवी, आधी प्रवाहाविरुद्ध वर जायचं आणि दमल्यावर परत यायचं. उलट केलं की दमलेला माणूस बंधाऱ्याकडं वाहत जातो. आणि पालथी झालेली कयाक सरळ करून पोटावर आडवं होत पुन्हा वर चढता येत नाही तोवर कुणालाही नदीत सोडू नये. हे आधी तलावात शिकवा.

कळंबेकर

‘तलावात शिकवा’ म्हटलं की सगळ्यांची बोटं कळंब्याकडं वळतात, म्हणून आधीच सांगतो. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. आज दोन कयाक येतील, उद्या भाड्याच्या वीस, परवा काठावर वडापावची गाडी, तेरवा पार्किंग. रंकाळ्याचं काय झालं ते डोळ्यासमोर आहे. हिवाळ्यात कळंब्यावर वारकरी, बदकं, टिबुकल्या अशी पाणपाखरं असतात, तळ्याच्या मधोमध बसतात. कयाकला इंजिन नसतं, आवाज नसतो, हे खरं. पण पाखराला आवाजाइतकीच जवळ येणाऱ्या माणसाची भीती असते. थवा एकदा उठला की तासभर खाली उतरत नाही.

उत्तरेश्वरचा

दादा, शिकवायला रंकाळा चालेल. तिथं बोटिंग आहेच, माणसं आहेत, मदत मिळते. महिनाभर तिथं शिका, मग नदीवर या. कळंब्याला हात लावू नका, हे मला पटतं.

घाटवाट

एवढी डोकेफोड कशासाठी? शनिवारी पहाटे गाडी काढा आणि राधानगरीला जा. शाहू महाराजांनी बांधलेला लक्ष्मी तलाव, चारी बाजूंना जंगल. पन्नासेक किलोमीटर काही लांब नाही. नाहीतर धामोडचं तुळशी धरण, पाटगाव, काळम्मावाडी. काचेसारखं पाणी सोडून पंचगंगेत कशाला शिरायचं?

पाणकावळा

राधानगरीचा जलाशय अभयारण्याच्या कुशीत आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात राधानगरी आहे. गवे पाण्यावर येतात ते याच काठाला. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं वल्हं घेऊन उतरणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं, आणि परवानगी मिळाली तरी मी सगळ्या जलाशयावर फिरू देणार नाही. धामोड किंवा काळम्मावाडीला जलसंपदा विभागाला विचारावं लागेल. शिवाय धरणाचं पाणी खोल आणि गार, दुपारी डोंगरावरून वारा सुटला की लाटा उठतात. काठ लांब राहिला तर परत यायला दम निघतो. स्वच्छ आहे म्हणून सोपं आहे, असं नाही.

घाटवाट

परवानगी काढू. रीतसर अर्ज करून एका कोपऱ्यापुरती मागू. पण शहरातल्या पोरांना रोगट पाणी आणि बंधारा देण्यापेक्षा ते बरं, यावर मी ठाम आहे.

शिरोळकडचा

आमच्याकडं कुणी येणार असेल तर ऐका. नरसोबावाडीला संगमावर नावा चालतात, ते बघून कयाक घेऊन येऊ नका. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत, आणि नदीला तालुक्याची हद्द कळत नाही. नावाडी ती नदी लहानपणापासून ओळखतो, आपण ओळखत नाही.

आंबेवाडीकर

सगळं वाचलं. आमच्या गावाचं नाव सगळ्यांनी घेतलं, गावाला कुणी इचारलं न्हाई.

२०१९ ला आंबेवाडी आन् चिखली पाण्यात हुती. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हंजे धोका, त्या साली पाणी ५५ च्या वर गेलं. पयल्या दिवशी बोटी कमी, माणसं जास्त. आमच्या भागात जुनी माणसं गुळाच्या काहिलीत बसून पूर पार करायची, ते काय हौसंनं न्हवतं. त्याच साली ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. म्हणून मला वाटतंय, आमच्या पोरांना वल्हं मारता आलंच पायजे. पाण्यात पडलेल्याला कसं धरायचं, जाकीट कसं बांधायचं, धार कुठनं वळती, हे नदीवरच शिकाया मिळतं. रंकाळ्यात धार कुठली?

राजारामपुरीची डॉक्टर

दादा, तुमचं दुःख मी समजते. २०१९ ला मीही कॅम्पमध्ये औषधं वाटत होते. पण कयाक ही बचावाची बोट नव्हे. एकट्या माणसाची होडी आहे ती. पुरात तिच्यात बसून कुणी वाचवायला निघालं तर बुडणारा एक वाढेल. बचावाचं शिक्षण हवंच, ते आपत्ती व्यवस्थापनाच्या बोटींवर द्या.

आंबेवाडीकर

ताई, पुरात कयाक घालायची न्हाईच, कबूल. पर ज्याला उन्हाळ्यात पाणी ठावं न्हाई त्यो पावसाळ्यात बोटीवर चढून काय करणार? सरकारी बोट वर्षातनं एकदा येती. पोरगा दर रईवारी पाण्यावर असंल तर त्याच्या अंगात पाणी येतंय. तुम्ही म्हणताय तो फळा आमच्या काठावर लावा, आमची काय ना न्हाई. पाणी वाईट निघालं तर त्या आठवड्याला बंद.

आन् अटी आमच्यापण हाईत. बायका धुणं धुत्यात त्या पाणवठ्यावर कयाक लावायची न्हाई. भोयांची जाळी सकाळी असत्यात, ती निघाल्याबिगर यायचं न्हाई. गावची चार पोरं आधी शिकणार, मग शहरातली. आन् भाड्याचा पैसा ग्रामपंचायतीत.

उत्तरेश्वरचा

चारही अटी मान्य. मॅडम, नमुने तपासायचा खर्च आम्ही वर्गणी काढून करतो. कुठल्या तपासण्या करायच्या आणि किती आकड्याच्या वर बंद ठेवायचं, तेवढं तुम्ही लिहून द्या.

राजारामपुरीची डॉक्टर

लिहून देते. पहिले तीन महिन्यांचे आकडे आल्याशिवाय एकही लहान मूल पाण्यात दिसलं तर तक्रार करणारी पहिली मीच असेन.

घाटवाट

मी तरी शनिवारी धामोडला जलसंपदाच्या ऑफिसात अर्ज घेऊन जाणार आहे. कुणाला सही करायची असेल तर शुक्रवारपर्यंत नाव द्या.