मदत हवी आहे : वाचनालयातील जुन्या मासिकांचे स्कॅनिंग करताना बांधणी उसवावी का?

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. आमच्याकडे १९१० ते १९४० या काळातील मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. त्यांचे डिजिटायझेशन करण्याचा ठराव झाला असून एक देणगीदारही पुढे आले आहेत. काम सोपवण्यापूर्वी, ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

मुख्य अडचण बांधणीची आहे. सर्वांत कमी दर देणाऱ्या एजन्सीची अट अशी, की खंड उसवून पाने सुटी करायची आणि ती स्वयंचलित स्कॅनरमधून काढायची. आमचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा बोटाला चिकटून येतो. असे पान रुळांमधून धड बाहेर पडेल, असे मला वाटत नाही. मात्र खंड न उसवता वरून छायाचित्रे घेतली, तर जुन्या बाइंडरांनी शिवण इतकी आत घेतलेली आहे की उजव्या पानावरील प्रत्येक ओळीची पहिली एक-दोन अक्षरे घडीत गडप होतात. इंग्रजी व्ही आकाराच्या पाळण्यावर खंड अर्धवट उघडा ठेवून दोन कॅमेऱ्यांनी पाने टिपतात, हे मला ठाऊक आहे. अशी यंत्रणा वाचनालयात आणून काम करून देणारे कोणी महाराष्ट्रात आहे का?

दुसरा प्रश्न शोधाचा. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर (पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणारी आज्ञावली) मराठी वाचते. पण दोन स्तंभांची पुसट छपाई आणि खिळ्यांची तुटकी जोडाक्षरे यांपुढे ते अडखळते. त्यातून अक्षरे नीट ओळखली गेली, तरी हा मजकूर १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा आहे. त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तूं’ असेच छापलेले असल्यामुळे आजचा वाचक ‘काही’ शोधेल तेव्हा त्याच्या हाती काहीच लागणार नाही. मूळ मजकूर तसाच ठेवून केवळ शोधापुरते अनुस्वार वगळण्याची सोय कोणी केली असल्यास कृपया सांगावे. मजकुरातच ‘दुरुस्ती’ करण्याला माझा विरोध आहे.

स्वामित्वहक्काबाबत माझी समजूत अशी आहे : लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी, आणि निनावी लेखनाच्या बाबतीत प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, हक्क संपतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय, स्वतःकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू शकते. परंतु जतन करणे वेगळे आणि संकेतस्थळावर सर्वांना खुले करणे वेगळे. एकाच अंकात अनेक लेखक असतात आणि त्यांतील कित्येकांच्या निधनाची साले मिळणेही कठीण असते. अशा वेळी संपूर्ण अंक फक्त वाचनकक्षातील संगणकावर दाखवायचा, की हक्क संपलेले लेख तेवढे निवडून बाहेर द्यायचे? इतर ग्रंथालयांत काय प्रथा आहे?

सूचीसाठी कोहा वापरावे की ई-ग्रंथालय (दोन्ही ग्रंथालयांसाठीच्या संगणक आज्ञावली), हे आमच्या ग्रंथपाल मॅडम ठरवतील. त्याची घाई नाही.

घाई आहे ती कराराची. एजन्सीने मूळ फाइली स्वतःकडे ठेवून आम्हाला केवळ त्यांचे बोधचिन्ह उमटवलेल्या पीडीएफ देण्याचा प्रस्ताव मांडला आहे, तो मला मान्य नाही. मूळ टिफ फाइली (स्कॅनची पूर्ण दर्जाची चित्रे), त्यांच्या प्रती आणि पुनर्वापराचा हक्क वाचनालयाकडेच राहील असा करारनामा कोणी केला असल्यास, नावे व रकमा वगळून त्यातील संबंधित कलमे येथे द्यावीत, ही विनंती.