उसाची जमीन क्षारपड: जिप्सम की निचरा?

कृष्णाकाठ: काळी जमीन, पाटपाण्यावर वर्षानुवर्षे ऊस. आता पांढरा थर येतो, उगवण तुटक. जिप्सम टाकू का?

मातीपरीक्षक: आधी माती तपासा, दादा. सामू (पीएच) ८.५ च्या आत, ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, डेसिसायमन/मीटर) ४ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. तिथे जिप्समचा खर्च वाया जातो. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेली. तिला जिप्सम हवंच, मात्रा अहवालानुसार.

निचरावाला: निचऱ्याशिवाय दोन्ही जमिनींवरचे उपाय व्यर्थ. साधारण मीटरभर खोल, फिल्टर गुंडाळलेले सच्छिद्र पाइप नाल्याकडे उतार देऊन घाला. नाल्याचं पाणी पाइपाच्या तोंडावर चढलं तर निचरा तुंबतो. हे कळकळीने सांगतोय.

मळेकरी: नंतर गोड्या पाण्याने क्षार धुवा, ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फुलोऱ्याआधी गाडा.