मदत हवी आहे: सहकाऱ्याची जुनी गोष्ट साहेबांना सांगावी का?

मंडळी, मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, गावाचं नाव नको. आमच्याकडे चार वर्षं पिग्मी गोळा करणारा २४ वर्षांचा मुलगा आहे. भर उन्हात दुकानं पालथी घालतो, पण संध्याकाळच्या हिशेबात दहा रुपयांची चूक नाही. आता त्याला कॅशियर करायचं चाललंय. म्हणजे तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी माझ्याकडे.

गेल्या महिन्यात एका लग्नात माझ्या मावशीनं त्याला ओळखलं. पंधरा वर्षांचा असताना चोरीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात होता म्हणे. पंक्तीतच सगळं सांगून मोकळी झाली, घास माझा अडकला.

मेव्हणा वकील आहे. तो म्हणतो, २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ मुळे अशा मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही. आणि कलम ७४ प्रमाणे प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलीससुद्धा चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करू शकत नाहीत. मग मी कोण सांगणारा?

पण उद्या रोकड कमी भरली तर सही माझीही असेल. आणि खरं सांगायचं तर त्या जागेवर माझ्या भाच्याचा डोळा होता, त्यामुळे माझ्याच मनाचा मला भरवसा वाटत नाही.

साहेबांच्या कानावर घालू, त्याच्याशीच बोलू, की गप्प बसू? कुणावर अशी वेळ आली होती का? आणि मावशीचं तोंड कसं बंद करावं, तेही सुचवा.