पुन्हा: अंदमान सहल – डाइव्ह कॉम्प्युटर दोनच घ्यायचे ना?

कारेलीबागहून, खजिनदार:
शुक्रवारपर्यंत ऑर्डर गेली पाहिजे. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि आणखी किती वेळ राहता येईल ते सांगणारं मनगटी यंत्र, सहल-खात्यातून दोन घेऊ, सहाजण आळीपाळीने वापरतील. क्रेसी लिओनार्दो की मारेस पक प्रो, एवढंच सांगा. दोन्हींना एकच बटण आहे.

मांजलपूरहून:
आळीपाळीने कसं? तो काय मंडळाचा तंबोरा आहे? सकाळी काका १८ मीटरला जाऊन आले की खोल पाण्यात श्वासातून शिरलेला किती नायट्रोजन त्यांच्या अंगात उरला, याचा हिशेब यंत्र धरून बसतं. दुपारी तेच माझ्या मनगटावर बांधलं, तर हिशेब काकांचा आणि डुबकी माझी. त्याहून वाईट म्हणजे सकाळी मी यंत्राशिवाय जाऊन आलो आणि दुपारी कुणाचं न वापरलेलं बांधलं, तर त्याला मी कोरा वाटणार आणि ते खाली राहायला जास्त वेळ देणार. बडीच्या, म्हणजे डुबकीतल्या जोडीदाराच्या, कॉम्प्युटरवरही विसंबायचं नाही, दोघांची खोली एकसारखी राहत नाही. दोन घ्या नाहीतर दहा, एका माणसाला सहलभर एकच. उरलेल्यांना डाइव्ह सेंटरकडून भाड्याने.

दांडिया बाजारहून:
पक प्रोला सीआर २४५० सेल लागतो, आपला आपण बदलता येतो. पण आमचा भाचा म्हणतो शेअरवॉटर पेरेग्रीन बघा, रंगीत स्क्रीन, आकडे ठळक. शिवाय किती सावध राहायचं ते आपण ठरवायचं. पन्नाशीनंतर पाण्याखाली बारीक आकडे वाचून दाखवा, मग स्वस्ताचं बोला.

रावपुऱ्याहून:
काका, मास्कला नंबरच्या काचा मिळतात की! त्यासाठी एवढं महागाचं कशाला? आणि पेरेग्रीन चार्ज करावा लागतो. बेटावर वीज गेली की बसा. मालवणला आमच्या मेव्हण्याने नियम मोडला, डेको स्टॉप, म्हणजे नायट्रोजन निघून जायला वर येताना मध्ये थांबायचं ते, न घेता वर आला. त्याचं डाइव्ह कॉम्प्युटर ४८ तास रुसून बसलं. खोली आणि वेळ दाखवायचं, बाकी काही नाही. तसं हवंय का कुणाला?

कारेलीबागहून, खजिनदार:
मेव्हण्यांचं राहू द्या. सहल-खातं मी बघतो, सहा यंत्रांचा ठराव कार्यकारिणीत झालेला नाही. ज्याला स्वतःचं हवं त्याने स्वतः घ्यावं, मंडळ भाडं देईल.

मांजलपूरहून:
भाडं चालेल. पण परतीचं विमान सकाळी नऊचं आणि आदल्या दिवशी दुपारी तीनला डाइव्ह, हे कुणी लिहिलंय? रोज डाइव्ह मारल्यावर अंगातला नायट्रोजन निघून जायला, शेवटच्या डुबकीतून वर आल्यापासून विमानापर्यंत निदान १८ तास हवेत. ती सकाळी साडेसातला घ्या नाहीतर रद्द करा. सेंटरला फोन कोण करतंय?

दांडिया बाजारहून:
मी करतो. पण पेरेग्रीनचं काय ठरलं?