करावेच्या खाडीत चिखलावर आडवा सरकणारा करडा साप: फुरसं आहे का?

सीवूड्सकर
नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी नवी मुंबईतल्या करावे गावामागे फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. पूर्ण ओहोटी. तिवरांच्या पुढे उघड्या चिखलावर एक साप दिसला. दोन-अडीच फूट, करडा-मातकट, अंगावर पुसट काळपट पट्टे, खवले खरखरीत. सरळ न जाता अंग आडवं फेकत भराभर सरकला आणि खेकड्यांच्या बिळांकडे गेला. बांधावरचे एक काका म्हणाले, "आडवं चालतं ते फुरसंच." काठी घेऊन उतरणार होते, पण चिखल गुडघाभर, म्हणून साप वाचला. मोठ्या लेन्सने फोटो काढलेत. डोळ्यातून मानेपर्यंत एक काळी रेघ आहे, बाहुली उभी आहे. मुलगी याच बांधावर सायकल चालवते, म्हणून विचारतोय.

येऊरवाला
उभी बाहुली, खरखरीत खवले, आडवी चाल. फुरसंच. लांब राहा.

दिवाळ्याची कोळीण
येऊरवाले दादा, जरा थांबा. डोंगरातली पारख खाडीत आणून चालत नाही.

फुरसं कोरड्यातलं जनावर. कातळ, दगडांच्या फटी, उघडं माळरान. गुडघाभर खाऱ्या चिखलात, भरती-ओहोटीच्या मध्ये, ते काय खाणार? आणि ते लहान असतं, बहुतेक वेळा फूट-दीड फुटाचं. डोक्यावर बाणासारखी खूण, कुशीवर पांढरी नागमोडी रेघ. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. यातलं फोटोत काही आहे का? नाही.

मला हा डॉग-फेस्ड वॉटर स्नेक वाटतो, शास्त्रीय नाव सर्बेरस रिंकॉप्स. लहानपणापासून रात्री बॅटरीच्या उजेडात जाळ्यातला माल निवडलाय, कोळंबी-बोयांच्या ढिगात हा हाताला लागतोच. डोळे बारीक, जवळजवळ डोक्याच्या माथ्यावर. डोळ्यातून मागे जाणारी ती काळी रेघ. खवल्यांना मध्ये कणा, म्हणून अंग खरखरीत. पोट पिवळट, त्यावर काळे डाग. निसरड्या चिखलात हाही आडवा सरकतो, तिथेच काकांची गफलत झाली. मासे खातो, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) तर आवडीने. दिवसा बहुतेक बिळात, रात्री बाहेर. अंडी घालत नाही, पिल्लंच देतो. विष आहे, पण सौम्य आणि मागच्या दातांत, माशांपुरतं. माणसाला त्याचा धोका नाही.

बाहुलीचं तर सोडूनच द्या. नाग आणि मण्यार, दोघांची बाहुली गोल असते. याची उभी. बाहुलीवरून विषारी-बिनविषारी ठरवणारा माणूस माझ्या होडीत नको.

खाडीत खरी भीती दुसऱ्याची. समुद्रसाप भरतीबरोबर आत येतात, त्यातला चोचीसारख्या तोंडाचा तर खाड्यांतच जास्त. तोही करडा, त्यालाही पट्टे, म्हणजे रंगावर जाऊच नका. शेपटी बघा. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी, याची गोल आणि निमुळती. सीवूड्सकर, शेपटीचा एखादा फोटो आहे का?

सीवूड्सकर
ताई, शेपटी सगळ्या फोटोंत चिखलाने माखलेली. एका फोटोत पोटाची कड दिसते, पिवळट, खवले आडवे आणि रुंद.

दिवाळ्याची कोळीण
मग झालं. समुद्रसापाच्या पोटाचे खवले इतके अरुंद की त्याला जमिनीवर धड सरकताच येत नाही. जाळ्यातून होडीत पडला की जागच्या जागी वळवळतो. तुमचा तर भराभर पळाला. पोट आणि चाल, दोन्ही एकच सांगतात.

खारघरचा शेजारी
खाडीत एक फाईल स्नेकही असतो ना? कातडी ढिली, जणू दुसऱ्याचा सदरा घातलाय.

दिवाळ्याची कोळीण
असतो. बिनविषारी. पण त्याच्या पोटालाही रुंद खवले नसतात, सगळं अंग बारीक दाण्यांचं, कानशीसारखं. पाण्याबाहेर तोही लाचार. म्हणून इथे तो बसत नाही.

येऊरवाला
पटलं. पण जाळ्यात आल्यावर तुम्ही हाताने काढता? हातमोजे वगैरे?

दिवाळ्याची कोळीण
हात घालायचाच नाही. शेपटी आधी बघायची, मग लांब काठीने होडीबाहेर. कितीही ओळखीचा असो, अंधारात समुद्रसाप समजूनच वागायचं. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. काही तासांनी अंग ठणकतं, लघवी काळसर होते, तोवर लोक "काही नाही झालं" म्हणत घरी बसलेले असतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं. समुद्रसाप त्यात नाही. म्हणून चावल्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात, जिथे व्हेंटिलेटर आणि किडनीची सोय असेल तिथे. पट्टी आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको.

आणि सीवूड्सकर, मुलीला सायकल चालवू द्या. बांधावर तिवरांच्या मुळाशी हात घालू नको म्हणावं, आणि काळोख पडल्यावर टॉर्च ठेवा. तिथे बांधावर घोणस येऊ शकते, उंदरांमागे. काका परत काठी घेऊन दिसले तर वनखात्याचा १९२६ नंबर सांगा.

सीवूड्सकर
सांगतो. काका रोज साडेपाचला तिथेच असतात, फोटो प्रिंट करून नेतो. पोटाची कड दिसते तोच.